सोमारीचा नंबर

३ मार्च

आरमोरीला पोचले. प्रवास छान झाला. ब्रह्मपुरीला बस बराच वेळ थांबली तेव्हा गरम आलूबोंडा खाल्ला, आणि वैनगंगेच्या पुलावर खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा घेतला. एरवी मी असं करत नाही.

ऑफिस एका धानाच्या व्यापाऱ्याच्या गोदामावर आहे. जिन्यात कोंड्याचा वास, वर मोठ्या खिडक्या, तीन टेबलं आणि भिंतीवर गावांचा नकाशा. प्रकल्पाचा प्रमुख अश्विन. त्याने माझं टेबल स्वतः पुसून ठेवलं होतं, शेजारी पाण्याची बाटलीही. खोली मागच्याच गल्लीत मिळाली. खिडकीतून राइस मिलचं धुराडं दिसतं आणि त्यामागे जंगलाची निळी रेघ.

मला इथे यायचंच होतं. पुण्यात माझा कोड कुठे चालतो ते मला कधी दिसलं नाही. इथे तो झाडावर टांगलेला दिसणार आहे. आज झोप चांगली लागेल.

५ मार्च

कामाची नीट नोंद करून ठेवते.

मोहाची फुलं वेचायला माणसं उजाडायच्या आधी निघतात. एकेक कुटुंब आपापल्या झाडाखाली, वाकून, पाठ जंगलाकडे. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं इथे सगळे सांगतात. म्हणून वेचताना ही माणसं पूर्वीपासून एका झाडाकडून दुसऱ्या झाडाला हाका देतात. एकाचं नाव घ्यायचं, त्याने ओ द्यायची, मग त्याने पुढच्याचं नाव घ्यायचं. ओ आली नाही की सगळे डबे वाजवत धावतात.

आमची पेटी हेच करते. ती झाडावर टांगलेली असते, वर सोलरची पाटी, खाली भोंगा. वेचणाऱ्याच्या गळ्यात बिल्ला असतो. पेटी आळीपाळीने एकेकाचं नाव पुकारते. त्याने बिल्ल्याचं बटण दाबलं की बिल्ल्यातून बारीक पण लांबवर जाणारा आवाज वाजतो, तीच त्याची ओ. तीन हाकांना ओ आली नाही तर गावातला मोठा भोंगा सुरू होतो.

इतक्या कमी विजेवर आणि इतक्या साध्या चिपवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम आयती मिळाली नाही, म्हणून तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, इथेच लिहिला आहे. प्रत्येक बिल्ला म्हणजे कर्नेलच्या दृष्टीने रांगेत उभं असलेलं एक काम. पुढचा नंबर कोणाचा ते शेड्यूलर ठरवतो. मागच्या हंगामात पेट्या मध्येच गोठत होत्या. त्यासाठी मला बोलावलं आहे.

कर्नेल लिहिणारी रोशनी आज सुट्टीवरून परतली. ब्रह्मपुरीची आहे, शिक्षण माझ्याइतकंच, वयाने थोडी लहान. मोठ्याने हसते. आली आणि माझ्या टेबलावर ओंजळभर बोरं ओतली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "घे वं, लाजून काऊन राह्यली? फुकटची हायेत."

खालच्या चहावाल्याने विचारलं, तुम्ही रोशनीच्या ऑफिसातल्या का? मी म्हटलं, हो, त्याच ऑफिसातली.

८ मार्च

कोड वाचते आहे. चांगल्या माणसाने घाईत लिहिलेला कोड आहे. त्यात एक गोष्ट मात्र मला पटत नाही.

शेड्यूलरमध्ये एका बिल्ल्याचा क्रमांक थेट लिहिलेला आहे. तो बिल्ला रांगेत आला की त्याला शेवटी ढकलायचं, पुन्हा नंबर जवळ आला की पुन्हा शेवटी. त्याला कधीच हाक जात नाही. पण त्याचा थांबल्याचा काळ वाढत जातो, आकडा मावेनासा होतो आणि पेटी गोठते. मग तो आकडा मधूनमधून शून्य करणारा एक पॅच. शून्य केल्यावर पेटीला तो बिल्ला नवा वाटतो, त्यावर आणखी एक पॅच. त्या पॅचमुळे बाकीच्यांचे नंबर चुकतात, म्हणून तिसरा. एकावर एक ठिगळं. त्या पहिल्या ओळीवर रोशनीची टीप आहे: "इथी हात लावू नका."

ही कोडमध्ये लिहायची भाषा नाही, असं मी अश्विनला म्हटलं. तो हसला. म्हणाला, रोशनीच्या टिपा वाचायला मजा येते.

एक किरकोळ नोंद. अश्विन तिला 'तू' म्हणतो, मला 'तुम्ही'. मी नवी आहे, साहजिक आहे.

१२ मार्च

आज वाद झाला. तिघांतच, दार लावून.

माझं म्हणणं मी फळ्यावर मांडलं. पेट्या गोठण्याचं मूळ एकच आहे: एका कामाला कायमचं थांबवायचं आणि ते थांबलंय हे उरलेल्या सिस्टीमपासून लपवायचं. जितक्या दुरुस्त्या कराल तितकी लपवाछपवी वाढेल. शेड्यूलर नव्याने बांधायला हवा. सगळ्यांना एक नियम, जो जास्त थांबला त्याचा हक्क मोठा. कोणासाठी अपवाद नाही.

रोशनी म्हणाली, हंगाम तोंडावर आहे. जुन्या कोडच्या खोडी तिला माहीत आहेत, नव्याच्या खोडी अजून कोणालाच माहीत नाहीत. ज्या ओळी मला घाण वाटतात त्यातली एकेक कुठल्यातरी सकाळी, कुठल्यातरी झाडाखाली काहीतरी बिघडलं म्हणून आली आहे. बिघाड तेवढा दुरुस्त करावा, पाया उकरू नये. "जेवढा दिसते तेवढा येडा नाई तो कोड," म्हणाली. "कुठी पाय घसरते ते त्याले माहीत हाय. तुह्यावाल्याले घसरून शिकावं लागन."

मग मी तो क्रमांक विचारला. तिने काही लपवलं नाही. बिल्ला बेहडाटोल्याच्या सोमारीचा आहे. गेल्या हंगामात वाघाने तिला बोडीच्या, म्हणजे गावाच्या लहान तळ्याच्या, पलीकडे मारलं. देह मिळाला, बिल्ला मिळाला नाही. पुढे काही दिवसांनी तो आपोआप रांगेत येऊन उभा राहिला. रोशनीने पुसला, तो पुन्हा आला. बॅटरी केव्हाच संपायला हवी होती. त्या गावात जो जंगलातून परतला नाही त्याच्या नावाचा दगड उभा होईपर्यंत जंगलात त्याचं नाव घेत नाहीत. घरात घेतात, रडतात, जंगलात नाही. सोमारीचा दगड मोह संपल्यावर उभा करायचा आहे. तिची नणंद दुर्गाबाई गावात बिल्ले वाटते. तिने रोशनीकडून शब्द घेतला, की पेटीही ते नाव घेणार नाही.

मी म्हटलं, बिल्ला कोणालातरी सापडला असेल, घरात कोनाड्यात पडला असेल. त्याला हाक गेली तर कळेल तरी. रोशनी म्हणाली, घरात नाही. सिग्नल बोडीपलीकडून येतो आणि रोज थोडा हलतो.

शब्द दिला हे डिझाइनच्या बाजूचं कारण होऊ शकत नाही, असं मी म्हटलं. हेही म्हटलं की जो कोड एकाच माणसाला कळतो तो बहुधा त्या माणसाची खुर्ची टिकवायला लिहिलेला असतो.

अश्विन फळा पुसायला लागला. रोशनी म्हणाली, "खुर्ची पायजे तं घेऊन जाय बाई. मले खालीही बसता येते." आणि हसली. तिला तेव्हाही हसता येतं.

१५ मार्च

अश्विनने माझ्या बाजूने निर्णय दिला. माझी चाचणी त्याने दोनदा पाहिली. जुना कर्नेल थोड्या वेळात गोठला, माझा दिवसभर चालला. या हंगामात नवा कर्नेल फक्त बेहडाटोल्यात बसवायचा, बाकी गावांत जुनाच. अट एकच, प्रत्येक पेटीत जुना कर्नेल बाजूला राखून ठेवायचा. वेळ आली तर शाळेवरच्या मुख्य पेटीला केबल लावून सगळ्या पेट्या जुन्यावर परत नेता येतील.

मला आनंद झाला आहे. दाखवला नाही.

दुपारी रोशनी आणि अश्विन खाली चहाला गेले. तिचं हसणं जिन्यातून वर येत होतं. ती हरली आहे, तरी त्याच्यासोबत तीच गेली.

१८ मार्च

बेहडाटोल्याला जाऊन आलो. डांबरी रस्ता सोडला की साग आणि बांबू, आणि सगळीकडे मोहाचा गोड, जरा आंबूस वास. जीप थांबायच्या आतच लोक "रोशनी आली, रोशनी आली" करत जमले. एकीने तिच्या केसांत पडलेलं मोहाचं फूल काढून तिच्याच तोंडात घातलं. एका बाईने मला बसायला खुर्ची दिली. तिला दिली नाही, ती चुलीपाशी गेली.

सोमारीचा नवरा पत्रू. उंच, कमी बोलणारा. त्याने मला एकच विचारलं, नवी पेटी सगळ्यांना हाक मारते का. मी हो म्हटलं. तो गळ्यातला बिल्ला चाचपत गेला.

जुन्या पेटीतून नावं रोशनीच्या आवाजात येतात. पत्रूभाऊ, दुर्गाबाई, आपल्या घरची माणसं असल्यासारखी. आवाज बदलायची गरज नव्हती हे मला मान्य आहे. पण नवा कर्नेल माझा आहे. परत आल्यावर ऑफिसची खिडकी लावून गावाच्या यादीतली सगळी नावं मी रेकॉर्ड केली, यादीत होती तशी. सोमारीसुद्धा. ती यादीत होती.

२२ मार्च

नवा कर्नेल बसवला. आज बेहडाटोल्यातली पहिली सकाळ. मी शाळेच्या व्हरांड्यात मुख्य पेटीपाशी लॅपटॉप घेऊन बसले होते. नावं स्वच्छ येत होती, ओ लगेच. एकही पेटी गोठली नाही. जे मी सांगत होते ते समोर घडत होतं.

दुर्गाबाई ऐकत उभी होती. म्हणाली, "तुमी हाजरी घेता मॅडम. रोशनी हाक मारे."

पहिली फेरी जुन्या रांगेच्या क्रमाने, सावकाश चालली, आणि त्या रांगेत सोमारीचं काम शेवटी होतं. आज तिचा नंबर आला नाही, वेचणं त्याआधी संपलं. उद्या येईल.

२३ मार्च

नंबर आला.

ऊन वर आलं होतं. माझ्या आवाजात, सपाट: सोमारी. मी सिग्नलची नोंद घ्यायला बसले होते. पहिल्याच हाकेला ओ आली. कोणी तळहातात बटण धरून वाट पाहत बसावं, तितकी लगेच.

झाडांखालची बायामाणसं उठून उभी राहिली. कोणी ओरडलं नाही. टोपल्या जागेवर ठेवून सगळे गावाकडे आले. दुर्गाबाई मान न वळवता माझ्यापुढून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रोशनीला फोनवर सांगितलं. तिने आधी सिग्नल कुठून आला ते विचारलं. मग म्हणाली, "आतातरी ते ओळ परत लाव." मी म्हटलं, ओ आली याचा अर्थ बिल्ला कोणाच्यातरी हातात आहे, म्हणजे माझंच खरं ठरलं. फोन ठेवला.

सिग्नल बोडीच्या पलीकडचा आहे. तिथे वस्ती नाही.

२५ मार्च

काल लोक गेले नाहीत. पण मोह झाडाखाली पडून सडतो, आज गेले.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. जो जास्त थांबला त्याचा हक्क मोठा, हा माझा नियम. बाकी सगळे थोडाथोडा वेळ थांबलेले. सोमारी मात्र, शेवटच्या ओ-पासून मोजलं तर, वर्षभर थांबली आहे. एका ओ-ने ते फिटत नाही. दोन नावं झाली की सोमारी. मग एक नाव, सोमारी. माझा आवाज सारखा तिलाच हाक मारतो आहे. प्रत्येक वेळी लगेच ओ.

सिग्नल बोडीच्या अलीकडे आला आहे.

अश्विनने तिचं काम काढायला सांगितलं. आरमोरीतून अपडेट पाठवला, पोचत नाही. अपडेट हेही एक काम आहे, रांगेत थांबलं आहे. तिच्या मागे.

जुन्यावर परत जायचं का, असं त्याने विचारलं. विचारलं रोशनीला, माझ्यासमोर. मी म्हटलं मला उद्याचा दिवस द्या, गणितात एक मर्यादा घालायची राहिली आहे, पाचसहा ओळींचं काम. रोशनी म्हणाली, बिघाड तेवढा दुरुस्त करून राह्यली का वं तू? टोमणा होता. पण हसली नाही.

२६ मार्च

झालं नाही. मर्यादा घातली, ऑफिसातल्या पेटीवर चालली. गावातल्या पेट्या ती घेतच नाहीत. उद्या केबल नेऊन जुन्यावर परत जायचं ठरलं.

आता दुसरी नावं येतच नाहीत. फक्त सोमारी, सोमारी. बाकीचे जंगलात आहेत की नाहीत हे कोणालाच कळत नाही. दुर्गाबाईने आजपासून सगळ्या गावाचं वेचणं बंद केलं. रोशनी दुर्गाबाईशी फोनवर बोलत बसली होती, हळू, त्यांच्या भाषेत. माझ्याकडे पाठ करून.

मला हेवा वाटत नाही. लिहून ठेवते, एवढंच.

२७ मार्च

दुर्गाबाईचा फोन आला. रोशनीला.

पत्रू गेला. टोपली नेली नाही. फक्त बिल्ला. बायको ओ देते आणि मी घरी बसू का, असं म्हणाला. जाताना पेटीखाली थांबला, पुढच्या हाकेची ओ ऐकली आणि आवाजाच्या दिशेने चालत गेला.

अश्विन गडचिरोलीला आहे. जीपने रोशनी आणि मी निघालो. जीप तीच चालवत होती. मी माझ्या ओळी पुन्हा पाहत होते. चूक दिसेल असं वाटतं आहे.

२७ मार्च, बेहडाटोला, शाळेचा व्हरांडा

गावातले पुरुष कुऱ्हाडी आणि डबे घेऊन तयार होते. बोडीजवळच्या झाडावरून ती पेटी उतरवायची आणि पत्रूला आणायचं, असं ठरलं. रोशनी त्यांच्यासोबत गेली. पेटीची तार कुठून सोडवायची ते तिलाच माहीत आहे असं सगळे म्हणाले. मलाही माहीत आहे. मला कोणी विचारलं नाही.

निघताना तिने माझा खांदा धरला. म्हणाली, मुख्य पेटीला केबल लाव, आत्ताच्या आत्ता जुन्यावर जा. आम्ही आत असताना तिचं नाव यायला नको. समजलं का? मी हो म्हटलं.

केबल हातात आहे. लावायला फार वेळ लागत नाही.

पण जुन्यावर गेलं की रोशनीचाच कर्नेल, तिचाच आवाज, तिचीच ओळ. मग कोणीही चूक शोधणार नाही. रोशनीचं बरोबर होतं, एवढंच उरेल. मला चूक जवळजवळ सापडली आहे. थांबलेला काळ मोजताना – ही ओळ – दहा मिनिटं दे.

थोड्या वेळाने

जंगलातून माझा आवाज आला. सोमारी. नेहमीसारखी ओ, पण पुरुषांचे डबे जिथे वाजत होते तिथूनच. डबे थांबले.

मग पळण्याचे आवाज.

केबल लावली. लावली आहे. जुना सुरू होतो आहे.

नंतर

पुरुष परत आले. पेटी घेऊन आले. ती माझ्यासमोर जमिनीवर पडली आहे, तार तोडलेली, सोलरची पाटी फुटलेली. रोशनीने झाडावर चढून ती सोडवली, खाली दिली. तेवढ्यात तिला पत्रू दिसला, बोडीच्या काठाने पाठमोरा चाललेला. ती त्याच्यामागे गेली. मग खाली दिलेल्या त्या पेटीतूनच ते नाव आलं, शेजारून ओ आली, आणि सगळे पळाले. ती आली नाही.

दुर्गाबाईने मला विचारलं, तुमी पेटी बदलली नव्हती का मॅडम? रोशनी तं म्हणे, बदलतीन.

मी बदलली. आता बदलली आहे.

दुर्गाबाईने हातातला डबा खाली ठेवला. मग तिने पदर डोक्यावर घेतला आणि बसली.

अजून उजेड आहे

जंगलातून रोशनीचा आवाज आला. सगळे धावत कुंपणापर्यंत गेले. पत्रूभाऊ, म्हणाली ती. जुन्या रेकॉर्डिंगसारखं, तसंच लांबवलेलं शेवटचं अक्षर. जुना कर्नेल चालू झाला, मी म्हटलं, घाबरू नका, जुना आवाज आहे.

पण पेट्या – मी मुख्य पेटीला हात लावून पाहिला. भोंगा गप्प आहे. बोडीवरची पेटी इथे आहे, माझ्या पायाशी. त्या बाजूला आता एकही पेटी नाही.

पत्रूभाऊ. ओ आली. बटणाची नाही, माणसाची.

सोमारी. ओ आली.

दुर्गाबाई. दुर्गाबाईने दोन्ही हातांनी कान झाकले. कोणी ओ द्यायची नाही, असं ती सगळ्यांना सांगते आहे, तोंडाने, हातांनी. पोरांची तोंडं दाबून धरली आहेत.

एकेक नाव येतं आहे. घरचं असल्यासारखं. तिला सगळे माहीत आहेत. ज्याचं नाव येतं तो रडतो, पण ओ देत नाही.

यादी संपली.

माझं नाव आलं नाही.

साहजिक आहे. जुन्या यादीत मी नाही – मी नंतर आले –

पुन्हा सुरू. पत्रूभाऊ. सोमारी. आवाज जवळ येतो आहे, कुंपणापलीकडच्या सागाच्या झाडांपर्यंत. ती रागावलेली नाही. हसत हाक मारते तशी. सगळ्यांना. त्या खुर्ची देणाऱ्या बाईला सुद्धा. माझ्या शेजारी बसलेल्याला. मला ओलांडून त्याच्या पुढच्याला –

दुसरी फेरी संपली. मी नाही.

तिला माहीत आहे मी इथे आहे. खांदा धरला होता तिने. मला मुद्दाम मागे ठेवते आहे. सगळ्यांचा नंबर आणि माझा –

दुर्गाबाई माझा हात घट्ट धरून मान हलवते आहे, नाई, नाई. सोडवला.

तिसरी. पत्रूभाऊ. सोमारी. दुर्गाबाई.

नाव घेऊ नकोस हवं तर. मी फक्त एकदा, इथे आहे एवढं कळावं म्हणून, एकदाच ओ –